चौंडकं, वग आणि गावची पोरं

मंडळी, चौंडकं ऐकलं नाही असा माणूस आपल्या राधानगरी तालुक्यात सापडायचा नाही. एक पोकळ नळकांडं, त्याच्या एका तोंडाला कातडं, आणि त्यातून ओवलेली तार. जोगती ते काखेत धरतो, तार ताणतो आणि छेडतो. मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. माणसं परत आली की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा होते. डोक्यावर जग, हातात परडी, कपाळाला भंडारा, आणि चौंडक्यावर रेणुकेची, जमदग्नीची, परशुरामाची गाणी. लोक रात्र रात्र ऐकत बसतात.

गाणी गोड आहेत. मलाही आवडतात. पण याच गाण्यांच्या सावलीत एक वाईट चाल पुष्कळ वर्षं जगली. त्या चालीनं कितीतरी लहान पोरी घरातून उचलल्या आणि बाजारात नेऊन उभ्या केल्या. ती चाल मोडायला कायदा झाला, तसंच गाणं, पुस्तक आणि नाटकही कामी आलं. ते कसं, आणि आज आपल्या गावात त्याचा काय उपयोग, ते या धड्यात सांगायचं आहे.

चाल कोणती? मुलगी देवीला सोडण्याची. घरात दुखणं सरत नाही, मुलगा होत नाही, जनावरं मरतात, नाहीतर पोरीच्या डोक्यात जट झाली, की कोणीतरी सांगतं, "देवीचं बोलावणं आलंय." मग पोरीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधायचं. पोर आठ-दहा वर्षांची. तिला काय कळतं? अंगावर नवं कापड पडलं म्हणून ती हसते. पण त्या दिवसापासून तिचं लग्न बंद झालं. ती देवीची झाली. आता देवी काही तिला भाकरी करून घालत नाही. तिनं जोगवा मागायचा. वयात आली की कोणी पैसेवाला तिला ठेवायचा. त्याचं मन भरलं की पुढं मुंबई-पुण्याची वाट. ती वाट दाखवायला माणूस तयारच असे, आणि प्रत्येक पोरीमागं त्याला पैसे मिळत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या मुलखातल्या पोरी अशाच मुंबईच्या कामाठीपुऱ्यात जाऊन पडल्या.

आता नीट पाहा. यात देव किती आणि व्यापार किती? पहिली पायरी देवळाची होती. शेवटची पायरी बाजाराची. मधल्या पायऱ्या आईबापांना दिसत नव्हत्या, किंवा त्या पाहायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

जटेबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुष्कळ घरांत भीती तिथूनच शिरते. केस वेळेवर धुतले नाहीत, विंचरले नाहीत, तेल, घाम आणि धूळ एकत्र झाली की केस एकमेकांत गुंततात. गुंता वाढला की त्याची जट होते. त्यात बोलावणं वगैरे काही नसतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांच्या जटा कापून दिल्या आहेत. देवीचा कोप कुणावर झाला नाही. उलट मान हलकी झाली, असं बायका सांगतात.

आपलं हे राधानगरी गाव ज्यांनी वसवलं आणि धरणाचं काम हाती घेतलं, त्या राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात मुली देवाला सोडायची चाल कायद्यानं बंद केली. त्याच्याही आधी महात्मा फुल्यांनी मुरळ्या सोडण्याविरुद्ध आवाज उठवला होता. पुण्याला शिवराम जानबा कांबळे यांनी मुरळ्यांची लग्नं व्हावीत म्हणून खटपट केली. पुढं १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. कर्नाटकात १९८२ साली झाला. महाराष्ट्रानं २००५ साली पुन्हा नवा कायदा केला. मोजा बरं. एकाच चालीसाठी चार कायदे! एकानं काम भागलं असतं तर दुसरा कशाला लागला असता?

कारण साधं आहे. कायदा होता कचेरीत, आणि गाणं होतं घराघरात. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला देवीची कथा मात्र तोंडपाठ होती. आजारी नातवंडाच्या उशाशी बसल्यावर तिला कलम आठवणार, की गाणं?

मग काही शहाण्या माणसांनी विचार केला. लोक ज्या वाटेनं शिकतात, त्याच वाटेनं त्यांच्याकडं गेलं पाहिजे. ही युक्ती आपल्याकडं जुनीच आहे. सत्यशोधकांनी जलसे काढले. साज तमाशाचाच होता. गण, गवळण, वग, ढोलकी सगळं होतं. पण आत भरलेला माल वेगळा होता. सावकारी, अडाणीपणा, धर्माच्या नावानं होणारी लुबाडणूक हे त्यांचे विषय. १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथकही गाजलं. निळू फुले, राम नगरकर ही मंडळी त्यातूनच पुढं आली. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांना या मंडळींनी वाचून दाखवल्यासारखंच केलं.

देवदासींच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यानं मोठं काम केलं आहे. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानानं ती घेतली होती. त्या आधी या बायकांना लोक बघत होते, त्यांच्याकडून गाऊन घेत होते. पण "बाई, तुझं म्हणणं काय?" असं त्यांना कोण विचारत होतं?

पुढं लेखक मंडळी या कामाला लागली. गडहिंग्लज तालुक्यातले राजन गवस यांनी १९८५ साली 'चौंडकं' ही कादंबरी लिहिली आणि १९८८ साली 'भंडारभोग' लिहिली. पहिलीत देवीला सोडलेल्या मुलीची कथा आहे, दुसरीत जोगत्याची. होय, पोरंही सोडली जात. त्यांना लुगडं नेसवून जोगती करत. त्याबद्दल आपण अजूनही कमीच बोलतो. उत्तम बंडू तुपे यांनी 'झुलवा' ही कादंबरी लिहिली. वामन केंद्रे यांनी ती रंगभूमीवर आणली. मग २००९ साली राजीव पाटील यांचा 'जोगवा' सिनेमा आला. तो गवसांच्या कादंबऱ्यांवरून घेतला होता. सामाजिक विषयावरचा चांगला चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात एक मुलगी आणि एक मुलगा, दोघांना मनाविरुद्ध देवीला सोडलेलं आहे. बाजूचं गाव वाईट आहे असं काही नाही. गाव आपल्यासारखंच आहे. नमस्कार करतं, नैवेद्य दाखवतं, आणि त्या दोघांचा जन्म वाया घालवतं. मला विचाराल तर या सिनेमाचं खरं बळ ते आहे. आणि पाहा, त्यात चौंडकं वाजतं, जोगवा मागितला जातो. जो सूर पोरीला बांधायला वापरला, त्याच सुरात तिचं दुःख सांगितलं. म्हणून ते आपल्या माणसांच्या आत गेलं. परका सूर असता तर कानावरून गेला असता.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, ही जुनी गोष्ट झाली. आता कोण पोरी सोडतंय?" चाल पुष्कळ कमी झाली, ही गोष्ट खरी. पण पोरं नेणारा माणूस संपलेला नाही. त्यानं नुसता सदरा बदलला. पूर्वी तो देवीचं नाव सांगायचा. आता तो नोकरीचं सांगतो, लग्नाचं सांगतो, शिक्षणाचं सांगतो. हुंडा नको, लग्नाचा खर्च आमचा, वर पोरीच्या बापालाच पैसे, असं सांगून मुली परराज्यात नेऊन विकल्याचे गुन्हे आपल्या महाराष्ट्रात नोंदले गेले आहेत. मोबाईलवर गोड बोलून घरातून पळवून नेणारेही आहेत.

आणि हे फक्त मुलींचं नाही. २०२२ साली नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, कातकरी समाजातली लहान मुलं मेंढ्या राखायला दिलेली आढळली. बदल्यात आईबापांना काय मिळालं होतं? थोडे हजार रुपये, आणि कुणाला एखादी मेंढी. त्यातली एक मुलगी मेली, तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. आईबापांना दोष देणं सोपं आहे. घरात दाणा नसलेल्या माणसाला "पोर तिथं पोटभर जेवेल" एवढंच दिसतं. मेंढपाळ समाजालाही यात बोल लावू नका. जिथं गरिबी आणि हातात उचल देणारा माणूस एकत्र येतात, तिथं हे कुठंही घडतं. वीटभट्टीवर घडतं, हॉटेलात घडतं, शहरातल्या बंगल्यात घडतं.

कायदा याला मानवी तस्करी म्हणतो. फसवून, धाक दाखवून किंवा पैसे देऊन माणसाला नेणं, ठेवणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, आणि त्याच्याकडून जुलमानं काम किंवा धंदा करून घेणं. मूल म्हणजे १८ वर्षांच्या आतलं. ते मूल "मी खुशीनं गेलो" म्हणालं तरी गुन्हा सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मुलाच्या तस्करीला कमीत कमी १० वर्षं सक्तमजुरी आहे, आणि जन्मठेपेपर्यंत जाता येतं.

ही झाली माहिती. पण ही माहिती चावडीवर नुसती वाचून दाखवली, तर दहा माणसं ऐकतील आणि पाच जांभया देतील. म्हणून वग बसवावा. आपल्याकडं सोंगी भजनं आहेत, ढोलकी आहे, नकला करणारी पोरं प्रत्येक आळीत आहेत. पडदा नको, दिव्यांची रोषणाई नको. देवळापुढचा पार पुरे. माणसं चार लागतात: बाप, आई, पोरगी, आणि पाहुणी.

त्या पाहुणीला काळा चष्मा घालू नका, मिशीवाला खलनायक तर उभाच करू नका. खरा दलाल तसा दिसत नाही. तो आपल्यासारखाच दिसतो. पुष्कळदा ओळखीचा असतो. बाईही असते, मावशी म्हणवून घेणारी. वगात बोलणं असं चालावं:

मावशी : दाजी, किती दिस पोरीला शेणात घालनार? पुण्यात मोठ्या घरात काम हाय. बाळ सांभाळायचं. खाऊनपिऊन म्हैन्याला धा हजार.

बाप : पर शाळा हाय न्हवं तिची. आठवीत हाय.

मावशी : तितं रातीची शाळा हाय की! ह्ये घ्या पाच हजार. उचल समजा. आन् अक्का, ह्ये लुगडं तुला.

आई : घराचा पत्ता काय म्हनायचा गं?

मावशी : आता गं बया! माझ्यावर भरवसा न्हाई व्हय तुझा?

इथं वग थांबवायचा. ढोलकी बंद. सोंगाड्यानं पुढं यायचं आणि बसलेल्या लोकांनाच विचारायचं, "मंडळी, आता ह्या बापानं काय करावं? तुमीच सांगा."

आमच्या शाळेतल्या मुलांनी एकदा असाच वग केला होता. आधी कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, पत्ता लिहून घ्या. दुसरा म्हणाला, बापानं स्वतः जाऊन घर बघून यावं. मागं बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "काम केल्याबिगर पैशे आदी का देतीया, ते इचारा तिला." अवघी सभा गप्प झाली. मी तीस वर्षं शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. कामाआधी हातात पडलेली उचल हाच तर गळाचा आकडा.

लोकांनी सांगितलेले प्रश्न मग बापाच्या तोंडी घालायचे आणि वग पुढं न्यायचा. प्रश्न आले की मावशी चिडते. "आजच गाडी हाय, उद्या जागा जाईल" म्हणते. म्हणजे दुसरी खूण कोणती? घाई. तिसरी खूण, "कुणाला सांगू नका." या तीन खुणा लोकांनी स्वतः शोधल्या की विसरत नाहीत. मास्तरानं फळ्यावर लिहिल्या की विसरतात. हा माझा अनुभव आहे.

प्रेक्षकांना नाटकात ओढायची ही रीत ब्राझील देशातल्या ऑगस्तो बोआल नावाच्या नाटकवाल्यानं नावारूपाला आणली. आपल्या देशात बंगालमध्ये १९८५ साली 'जन संस्कृति' ही मंडळी सुरू झाली. ती खेड्यापाड्यात अशीच नाटकं करते. लोक उठून पारावर येतात, नटाच्या जागी उभे राहतात आणि "मी असतो तर असं केलं असतं" म्हणून करून दाखवतात. घरात जे बोलायची छाती होत नाही ते एकदा सगळ्यांसमोर बोलून झालेलं असलं, की खरी मावशी दारात आल्यावर जीभ अडखळत नाही.

त्याच बंगालात, कलकत्त्याला, लीना केजरीवाल नावाच्या छायाचित्रकार बाई आहेत. त्यांनी २०१४ साली एक वेगळंच काम सुरू केलं. मुलीची नुसती काळी सावली. नाक नाही, डोळे नाहीत, लुगड्याचा रंग नाही. जणू त्या जागेवरची मुलगी कुणी कापून नेली आणि मागं भोक राहिलं. आधी मोठ्या पत्र्यांच्या आकृत्या उभ्या केल्या, मग साचा कापून शहरोशहरच्या भिंतींवर त्याच सावल्या उमटवल्या. माणूस थांबतो आणि विचारतो, ही कोण? अशी सावली आपल्या एस.टी. स्टँडाजवळच्या भिंतीवर काढायला काय लागतं? जाड पुठ्ठ्याचा साचा, काळा रंग, आणि ग्रामपंचायतीची परवानगी. खाली एकच आकडा लिहायचा : १०९८.

हा आकडा पाठ करा. संकटातल्या मुलासाठी हा फोन आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. पोलिसांची तातडीची मदत हवी तर ११२. आणि आणखी एक गोष्ट वगात जरूर घाला. मूल हरवलं तर "एक दिवस वाट बघू, येईल" असं म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगून ठेवलं आहे, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास सुरू करायचा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. तेवढ्यात गाडी जिल्हा ओलांडते.

वग बसवणाऱ्यांना चार गोष्टी कडक सांगतो. हौस भारी पडली की माणूस चुकतो. खऱ्या घडलेल्या प्रकरणातल्या मुलीचं नाव, गाव, फोटो नाटकात, फलकावर कुठंही आणू नका. कायद्यानं त्याला बंदी आहे, आणि माणुसकीनंही आहे. सुटून आलेल्या पोरीला त्याच गावात राहायचं असतं. मुलीवरचा अत्याचार पारावर करून दाखवू नका. मागच्या रांगेतून शीळ आली तर समजा वग वाया गेला. शाळकरी मुलीला तसली भूमिका तर मुळीच देऊ नका. आणि जोगतिणीची टिंगल नको. तिच्या गळ्यात ते मणी तिनं स्वतः बांधले नव्हते.

टाळ्या पडल्या की नटांना वाटतं, झालं काम. काम तिथून पुढं सुरू होतं. लोक उठायच्या आत सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडीताई, शाळेचे गुरुजी यांनी पुढं येऊन बसावं. गावाची बाल संरक्षण समिती असायला हवी. ती आहे का, शेवटची कधी बसली, हे लोकांनी त्यांना तिथंच विचारावं. मग एक वही काढावी. गावातून कामाला, शिकायला, ऊसतोडीला किंवा लग्न होऊन बाहेर गेलेली १८ वर्षांच्या आतली मुलं कोणती? कुठं गेली? कुणाबरोबर गेली? तिथला पत्ता, फोन काय? आणि घरी शेवटचा फोन कधी आला? अठराच्या आतल्या मुलीचं लग्न झालेलं असेल तर ते मुळात कायद्याविरुद्ध आहे, हेही तिथंच कळेल. एकेका मुलाला एक ओळ पुरते. ही वही लिहायला कारकून लागत नाही. तुमच्यापैकी जे यंदा लिहायला शिकले, त्यांनी ती लिहावी, आणि दर अमावस्येला घरोघर जाऊन शेवटचा रकाना भरावा.